खाणी बुजल्या, मैदाने राहिली

लिप्टन हे नाव चहाच्या डब्यावर वाचलेले नाही, असे घर आपल्याकडे क्वचितच आढळेल. सर टॉमस लिप्टन हा मूळचा ग्लासगो शहरातील किराणा दुकानदार. सिलोनमधील चहाचे मळे विकत घेऊन आणि पुडीबंद चहा गोरगरिबांना परवडेल अशा भावात विकून त्याने अमाप पैसा मिळवला. खेळांचा त्याला मोठा शौक होता. अमेरिकेचा प्रख्यात नौका-चषक जिंकण्यासाठी १८९९ ते १९३० ह्या काळात त्याने पाच वेळा आपल्या नौका शर्यतीत उतरवल्या आणि पाचही वेळा तो पराभूत झाला. ह्याच लिप्टनने १९०९ साली इटलीतील ट्यूरिन शहरी भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेसाठी भव्य चषक ठेवला. इटली, जर्मनी आणि स्वित्झर्लंड ह्या देशांचे संघ मैदानात आले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने मात्र संघ पाठवण्याचे नाकारले. तेव्हा इंग्लंडच्या बाजूने ट्यूरिनला जो संघ उतरला, तो लंडनचा नव्हता की मँचेस्टरचाही नव्हता. डरहॅम परगण्यातील वेस्ट ऑकलंड नावाच्या एका खेड्याचा तो संघ होता, आणि त्यातील बहुतेक खेळाडू कोळशाच्या खाणीत काम करणारे मजूर होते.

ह्या खेड्याचा संघ एरवी ज्या स्पर्धेत खेळत असे, तिचे नाव नॉर्दर्न लीग. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये आज तिची जागा नवव्या आणि दहाव्या पायरीवर आहे. वर्तमानपत्रांच्या क्रीडा-पृष्ठांवर गाजणाऱ्या संघांत तिच्यातील एकाही क्लबाचे नाव सापडणार नाही. तथापि जगात आज चालू असलेल्या फुटबॉल लीगांमध्ये वयाने ही दुसरी. तिचा इतिहास पाहू लागले, म्हणजे खेळाचा इतिहास आणि श्रमिकांच्या गावांचा इतिहास एकमेकांत किती गुंतलेले असतात हे ध्यानात येते.

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात टाइन, वेअर आणि टीज ह्या तीन नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन उत्तर समुद्राला मिळतात. त्यांच्या खोऱ्यांत जमिनीच्या पोटात दगडी कोळसा विपुल होता. तो बंदरावर नेण्याच्या गरजेतूनच १८२५ साली स्टॉकटन ते डार्लिंग्टन हा वाफेच्या इंजिनाचा सुप्रसिद्ध लोहमार्ग सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या भागात खाणीच्या तोंडाशी शेकडो वस्त्या उभ्या राहिल्या. विटांच्या ठेंगण्या घरांच्या रांगा, एक प्रार्थनामंदिर, सहकारी भांडार, दारूचे दुकान आणि गावाच्या कडेला फुटबॉलचे मैदान, एवढा त्या वस्त्यांचा संसार. १९१३ साली एकट्या डरहॅम परगण्यात दीड लाखाहून अधिक माणसे खाणींत काम करीत होती. आठवडाभर भूगर्भातील अंधारात वाकून काम केलेल्या माणसाला शनिवारी दुपारी मोकळ्या आकाशाखाली धावण्याची ओढ वाटावी, ह्यात नवल ते काय?

१८८८ साली लँकेशायर आणि मध्य इंग्लंडमधील बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. प्रत्येक संघाने प्रत्येकाशी ठरलेल्या क्रमाने खेळावे आणि गुणांवर विजेता ठरावा, ही साखळी स्पर्धेची पद्धत तेथून रूढ झाली. त्यापूर्वी मैत्रीचे सामने ठरत आणि मोडतही. प्रेक्षक मैदानावर जमावेत आणि प्रतिपक्ष आलाच नाही असे कळावे, हा प्रकार नित्याचा होता. डार्लिंग्टन क्लबाचे चिटणीस चार्ल्स क्रेव्हन हे व्यवसायाने इंजिनिअर. ईशान्येकडील क्लबांचीही अशीच लीग असावी, ही त्यांची कल्पना. १८८९ च्या मार्च महिन्यात डरहॅम शहरातील ‘थ्री टन्स’ ह्या खाणावळीत सभा भरली आणि दहा क्लबांची नॉर्दर्न लीग जन्मास आली. पहिल्या वर्षीचे विजेतेपद डार्लिंग्टन सेंट ऑगस्टीन्स ह्या क्लबाने मिळवले.

त्या दहा नावांत न्यूकासल ईस्ट एंड आणि मिडल्सब्रो ही दोन नावे होती. ईस्ट एंडचा क्लब १८९२ साली सेंट जेम्सेस पार्क ह्या मैदानावर गेला आणि न्यूकासल युनायटेड ह्या नव्या नावाने पुढे जगप्रसिद्ध झाला. मिडल्सब्रोने १८९९ साली धंदेवाईक खेळाडू ठेवून फुटबॉल लीगची वाट धरली. जे मोठे झाले ते असे निघून गेले. राहिले ते लहान गावांचे क्लब. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नॉर्दर्न लीगने ठरवून टाकले की, आपल्याकडे फक्त हौशी खेळाडूच खेळतील. ह्या निर्णयाने पुढील जवळजवळ सत्तर वर्षांचे तिचे स्वरूप निश्चित झाले.

‘हौशी’ ह्या शब्दाचा अर्थ इंग्लंडच्या दक्षिणेत एक आणि उत्तरेत दुसरा होता. दक्षिणेतील हौशी खेळाडू म्हणजे बहुधा विद्यापीठात शिकलेला, खाऊनपिऊन सुखी असलेला गृहस्थ. पैशासाठी खेळणे त्याला कमीपणाचे वाटे. उत्तरेतील हौशी खेळाडू शुक्रवारी रात्रपाळी करून शनिवारी दुपारी मैदानावर येई. पैसा त्याला नको होता असे नव्हे; परंतु खेळायचे ते गावासाठी, हा त्याचा भाव होता. गंमत अशी की, ह्या लीगमधील सर्वांत यशस्वी क्लबाचा उगम मात्र विद्यापीठाच्या मुलांतूनच झाला. बिशप ऑकलंड ह्या गावी डरहॅमच्या बिशपांचा जुना वाडा आहे. १८८० नंतरच्या दशकात तेथे धर्मशिक्षणासाठी राहिलेल्या ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या तरुणांनी गावात फुटबॉल रुजवला. त्या दोन विद्यापीठांचे गडद निळा आणि फिकट निळा हे रंग बिशप ऑकलंडच्या खेळाडूंच्या अंगावर तेव्हापासून चढले ते कायमचे. विद्यार्थी गेले, पोशाख खाणकामगारांच्या मुलांकडे राहिला.

आता ट्यूरिनकडे वळू. १९०९ च्या फेब्रुवारी महिन्यात डरहॅम परगण्यातच वेस्ट स्टॅनली येथील खाणीत स्फोट होऊन १६८ माणसे आणि मुले मृत्युमुखी पडली होती. त्या दुःखाच्या छायेत, दोन महिन्यांच्या आत, ईस्टरच्या सुट्टीत वेस्ट ऑकलंडचा संघ इटलीच्या प्रवासास निघाला. एका लहानशा गावाला हा खर्च पेलणारा नव्हता. प्रवासासाठी खेळाडूंनी घरातील चीजवस्तू विकल्या, असे गावात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. ह्या खेड्याला निमंत्रण आले तरी कसे, ह्याचीही एक आख्यायिका आहे. निमंत्रण खरे म्हणजे वुलिच आर्सेनल ह्या नामांकित क्लबाला द्यावयाचे होते. दोन्ही नावांची आद्याक्षरे सारखीच असल्यामुळे ते चुकून येथे आले, असे लोक हसत हसत सांगतात. आख्यायिका काहीही असो, मैदानावर चूक झाली नाही. पहिल्या सामन्यात श्टुटगार्टच्या संघावर दोन गोलांनी आणि अंतिम सामन्यात विंटरथूर ह्या स्विस संघावर तितक्याच गोलांनी विजय मिळवून खाणकामगारांनी चषक उचलला.

१९११ साली पुन्हा निमंत्रण आले. ह्या खेपेस झुरिकच्या संघाला हरवून वेस्ट ऑकलंड अंतिम फेरीत पोहोचले. समोर होता ट्यूरिनचाच युव्हेंटस. पुढे इटलीतील सर्वांत बलाढ्य ठरलेल्या ह्या क्लबाचा त्या दिवशी एकाविरुद्ध सहा गोलांनी पराभव झाला. दोनदा जिंकणाऱ्याने चषक कायमचा न्यावा, असा नियम होता. त्यामुळे लिप्टनचा चषक खेड्यात आला. ‘पहिला विश्वचषक आमचा’ असे वेस्ट ऑकलंडचे लोक आजही अभिमानाने म्हणतात. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने हे म्हणणे सैल आहे. स्पर्धेत संघ चारच होते, अशीच एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा ट्यूरिनमध्ये आदल्याच वर्षी भरली होती, आणि खरी विश्वचषक स्पर्धा १९३० साली सुरू झाली. परंतु अभिमानाला आधार पुरेसा आहे.

चषक आला आणि त्याबरोबर कर्जही. दुसऱ्या प्रवासाने क्लबाची तिजोरी रिकामी झाली होती. अखेरीस गावातील एका हॉटेलच्या मालकीणबाईकडे ४० पौंडांच्या कर्जापोटी हा चषक गहाण पडला. क्लबही काही काळ मोडला आणि पुन्हा उभा राहिला. जग दोन महायुद्धांतून गेले, ट्यूरिनमधील सामने पाहणारी पिढी म्हातारी झाली, तरी चषक गहाणच होता. तो १९६० साली १०० पौंड भरून गावाने सोडवून घेतला. घरातील गहाण दागिना नातवाने सोडवून आणावा, तसा हा प्रसंग. १९९४ साली श्रमिकांच्या क्लबातून तो चोरीस गेला, तो मिळालाच नाही. मग तशीच प्रतिकृती घडवून घेण्यात आली. वेस्ट ऑकलंडच्या मध्यभागी हिरवळीवर आज त्या विजयाचे स्मारकशिल्प उभे आहे.

१९०९ च्या त्या संघात शेजारच्या क्रूक गावचा एक तरुण पाहुणा म्हणून खेळला होता. त्याचे नाव जॅक ग्रीनवेल. क्रूक टाउन क्लबाचा हा खेळाडू १९१२ साली स्पेनमधील बार्सिलोनाच्या क्लबात दाखल झाला. प्रथम खेळाडू आणि १९१७ पासून शिक्षक, अशी त्याने तेथे वर्षानुवर्षे सेवा केली. बार्सिलोनाच्या पहिल्या वैभवशाली कालखंडाचा एक शिल्पकार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. १९३९ साली पेरू देशाचा संघ दक्षिण अमेरिकेचा विजेता झाला, तेव्हाही त्या संघाचा शिक्षक ग्रीनवेलच होता. १९४२ साली दूर कोलंबियात, बोगोटा शहरी, त्याचा अंत झाला. त्याच्यामुळे क्रूकसारख्या लहान गावाचे बार्सिलोनाशी नाते जडले आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच क्रूकचा संघ तेथे जाऊन सामने खेळून आला. ह्याच क्रूक टाउनचा संघ १९७६ साली भारताच्या दौऱ्यावर आला होता, ही गोष्ट आज आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

हे सारे वाचून एखाद्याला वाटेल की, त्या काळी पैशाचा स्पर्शही ह्या खेळाला झाला नव्हता. तसे मानणे भाबडेपणाचे होईल. नियम सांगे की, हौशी खेळाडूला प्रवासखर्चापलीकडे काही देऊ नये. प्रत्यक्षात मात्र चांगला खेळाडू शेजारच्या क्लबाने पळवू नये म्हणून सामन्यानंतर त्याच्या बुटात काही नाणी ठेवली जात, हे सर्वांना ठाऊक होते आणि सर्वजण त्याविषयी मौन पाळीत. १९२७-२८ च्या मोसमात हे मौन सुटले. क्रूक टाउनवर खेळाडूंना पैसे दिल्याचा ठपका येऊन त्या क्लबावर कारवाई झाली. मग क्रूकनेही इतरांचे व्यवहार चव्हाट्यावर मांडले. चौकशीचे लोण सगळ्या परगण्यात पसरले आणि तीनशेहून अधिक खेळाडूंवर बंदी आली. वास्तविक दोष एकट्यादुकट्याचा नव्हता. शनिवारच्या खेळासाठी अर्धी पाळी बुडवणाऱ्या मजुराचे वेतन कापले जाई. त्याची भरपाई करणे हा गुन्हा, आणि शिक्षण-संपत्ती असलेल्याने फुकट खेळणे हा सद्गुण, असा तो नियम होता. श्रीमंताला सहज पाळता येणारा नियम गरिबाला पाळावयास लावला की त्यातून असा लपंडाव निर्माण होतो.

ह्या लीगचा सुवर्णकाळ आला दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले होते, रोजगार भरपूर होता आणि मैदाने माणसांनी फुलून जात होती. हौशी संघांसाठी फुटबॉल असोसिएशनचा स्वतंत्र चषक होता. तो ‘ॲमॅच्युअर कप’ म्हणून ओळखला जाई आणि त्याचा अंतिम सामना १९४९ पासून लंडनच्या वेम्बली मैदानावर होऊ लागला होता. १९५० साली तेथे विलिंग्टन आणि बिशप ऑकलंड हे एकमेकांचे शेजारीच समोरासमोर आले आणि विलिंग्टनने चार गोलांनी बाजी मारली. १९५१ साली बिशप ऑकलंडपुढे पेगॅसस हा संघ होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या खेळाडूंनी मिळून तो तीन वर्षांपूर्वी उभारला होता. विद्यापीठांचे रंग ल्यालेल्या खाणकामगारांच्या गावाचा, खुद्द त्या विद्यापीठांच्या संघाने, एक लाख प्रेक्षकांसमोर एकाविरुद्ध दोन गोलांनी पराभव केला. नियतीची ही थट्टाच म्हणावयाची.

१९५४ चा अंतिम सामना तर ईशान्येत अद्याप सांगितला जातो. बिशप ऑकलंड आणि क्रूक टाउन. दोन्ही गावांतील अंतर जेमतेम पाच-सहा मैल. आणि एका दिवसासाठी ती दोन्ही गावे जणू उठून लंडनला गेली. वेम्बलीवर एक लाख माणसांसमोर सामना दोन-दोन गोलांनी बरोबरीत सुटला. न्यूकासलला तो पुन्हा खेळवला, तेथेही दोन-दोन. तिसऱ्यांदा मिडल्सब्रोला खेळला गेला आणि एका गोलाने क्रूकने चषक जिंकला. तिन्ही सामने मिळून प्रेक्षकांची संख्या १,९०,००० च्या घरात गेली. ह्यात एकाही खेळाडूला, निदान कागदोपत्री, एक पेनीदेखील मिळाली नाही. क्रूक टाउनने हा चषक एकूण पाच वेळा जिंकला आणि अंतिम सामन्यात तो संघ कधीही हरला नाही. बिशप ऑकलंडने पुढच्या तीन वर्षांत, १९५५, १९५६ आणि १९५७ साली, लागोपाठ तीनदा चषक नेऊन आपली एकूण संख्या दहावर पोहोचवली. दुसऱ्या कोणत्याही क्लबाला हा आकडा गाठता आला नाही.

ह्या क्लबाच्या इतिहासातील सर्वांत हृद्य प्रसंग मात्र कोणत्याही चषकाशी निगडित नाही. १९५८ च्या फेब्रुवारीच्या ६ तारखेस म्युनिकच्या विमानतळावर मँचेस्टर युनायटेडच्या संघाचे विमान कोसळले. आठ खेळाडू दगावले, व्यवस्थापक मॅट बस्बी मृत्यूशी झुंजत रुग्णालयात पडले. शिल्लक राहिलेल्या मुलांना घेऊन मोसम पुरा कसा करावयाचा, हा प्रश्न होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या हौशी संघाचे मार्गदर्शक बस्बीच होते आणि त्या संघात बिशप ऑकलंडचा बॉब हार्डिस्टी खेळला होता. ती जुनी ओळख कामी आली. हार्डिस्टी, डेरेक लेविन आणि वॉरन ब्रॅडली हे बिशप ऑकलंडचे तिघे मँचेस्टरला गेले. हार्डिस्टीचे वय तेव्हा तिशी ओलांडून बरेच पुढे गेले होते. ते मोठेपणासाठी गेले नव्हते. राखीव संघात अनुभवी माणसांची जागा भरून काढावी आणि जखमी क्लबाला उभे राहण्यास सवड मिळवून द्यावी, एवढ्यासाठी ते गेले. ब्रॅडली हा पेशाने शाळामास्तर. तो पुढे युनायटेडच्या मुख्य संघात स्थिरावला आणि १९५९ साली इंग्लंडकडूनही खेळला. देशातील सर्वांत नामवंत क्लबावर घाला पडला, तेव्हा मदतीचा हात खाणींच्या मुलखातून आला, हे विसरण्यासारखे नाही.

परंतु ह्याच दशकात ह्या मुलखाच्या भवितव्यावर कागदावर एक रेघ ओढली गेली होती. १९५१ साली डरहॅम परगण्याच्या नियोजन अधिकाऱ्यांनी गावांची वर्गवारी केली. ज्यांच्या खाणी संपत आल्या आहेत, ती गावे ‘ड’ वर्गात. तेथे नवी घरे बांधावयाची नाहीत, नवा खर्च करावयाचा नाही. जुनी घरे पडू द्यावयाची आणि माणसे अन्यत्र न्यावयाची. ही यादी कालांतराने १२१ गावांपर्यंत वाढली. लोकांनी प्रखर विरोध केला. काही गावांचे रस्तेच्या रस्ते जमीनदोस्त झाले, आणि १९७७ साली हे धोरण अखेर मागे घेण्यात आले. दरम्यान खाणींमागून खाणी बंद होत होत्या. १९८४-८५ चा वर्षभराचा संप फसला आणि १९९३ साली वेअरमथची खाण बंद झाली, तेव्हा डरहॅमच्या कोळशाचा अध्याय संपला.

खेळातही जुना आधार निखळला. १९७४ साली फुटबॉल असोसिएशनने हौशी आणि धंदेवाईक हा भेदच रद्द केला. सगळेच केवळ ‘खेळाडू’ झाले. बुटात नाणी ठेवण्याचे कारण उरले नाही. पण ॲमॅच्युअर कपही उरला नाही, आणि त्याबरोबर वेम्बलीची ती वार्षिक यात्राही संपली. तरीही तेज मावळले नव्हते. १९७८ साली ब्लाइथ ह्या कोळशाच्या बंदरातील ब्लाइथ स्पार्टन्स क्लबाने देशाच्या एफ. ए. कप स्पर्धेत स्टोक सिटीसारख्या धंदेवाईक संघाला दोनाविरुद्ध तीन गोलांनी हरवून पाचवी फेरी गाठली. तेथे रेक्सहॅमविरुद्ध शेवटच्या क्षणापर्यंत ब्लाइथ एका गोलाने पुढे होते. रेक्सहॅमला कॉर्नर मिळाला. जमीन थंडीने गोठलेली, त्यामुळे कोपऱ्यातील निशाण उभे राहिना. निशाण पडले म्हणून पंचांनी कॉर्नर पुन्हा घ्यावयास लावला, आणि त्या पुनरावृत्तीत बरोबरीचा गोल झाला. न्यूकासलला झालेल्या दुसऱ्या सामन्यास ४२,००० हून अधिक प्रेक्षक लोटले. ब्लाइथ एकाविरुद्ध दोन गोलांनी हरले. एका निशाणाने ईशान्येचे स्वप्न मोडले, असे तेथील लोक अजून म्हणतात.

लीगचे खरे नुकसान मात्र निशाणाने केले नाही. ते तिच्या स्वतःच्याच निर्णयाने झाले. १९७९ साली लहान क्लबांसाठी एक देशव्यापी लीग निघाली आणि तिच्याखाली प्रादेशिक लीगांची क्रमवार रचना होऊ लागली. खालच्या पायरीवरील विजेत्याने वर जावे आणि वर तळाला राहिलेल्याने खाली यावे, अशी ती योजना. नॉर्दर्न लीगने तीत सामील होण्याचे नाकारले. ह्या नकारामागे कारणे होती. वरच्या लीगमध्ये गेल्यास सामन्यांसाठी दूरदूरचे प्रवास करावे लागणार. नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांनी ते कसे करावे? शिवाय ऐंशी-नव्वद वर्षांची परंपरा असलेल्या लीगने दुसऱ्या कोणाची दुय्यम पायरी का व्हावे, हा स्वाभिमानही होता. परंतु दार बंद करून बसलेल्याच्या घरावरून रस्ता निघून जातो. महत्त्वाकांक्षी क्लब एकेक करून बाहेर पडले. १९८८ साली बिशप ऑकलंडनेही लीग सोडली. १९९१ साली नॉर्दर्न लीग त्या रचनेत सामील झाली खरी, परंतु तोपर्यंत वरच्या जागा भरल्या होत्या. जी लीग एके काळी हौशी फुटबॉलमध्ये अग्रभागी होती, तिला बऱ्याच खालच्या पायरीवर बसावे लागले.

येथे हा इतिहास संपता, तर तो एका अस्ताचा इतिहास ठरला असता. तो तसा संपला नाही. खालच्या पायऱ्यांवरील क्लबांसाठी ‘एफ. ए. व्हाज’ ही स्पर्धा १९७४-७५ मध्ये सुरू झाली होती. २००९ साली व्हिटली बे ह्या समुद्रकाठच्या गावाने ती जिंकली. २०१० आणि २०११ साली पुन्हा जिंकली. २०१२ साली डन्स्टन, २०१३ साली स्पेनीमूर, २०१५ साली नॉर्थ शील्ड्स, २०१६ साली मॉर्पेथ आणि २०१७ साली साउथ शील्ड्स. नऊ वर्षांत आठ वेळा हा चषक नॉर्दर्न लीगच्या क्लबांकडे आला. मधल्या २०१४ सालीदेखील अंतिम सामन्यात तिचाच एक क्लब होता, तो एका गोलाने हरला. त्याचे नाव वेस्ट ऑकलंड. आजोबा-पणजोबांनी ट्यूरिनला चषक जिंकला त्याला शंभरावर वर्षे झाली होती, आणि खेड्याचा संघ वेम्बलीवर खेळत होता.

ह्या यादीतील स्पेनीमूरची कथा ह्या लीगचा स्वभाव सांगते. तेथील जुना क्लब २००५ साली बंद पडला. तेव्हा जवळच्या एव्हनवूड गावचा क्लब त्या मैदानावर आला, त्याने स्पेनीमूर टाउन हे नाव धारण केले आणि आठ वर्षांत वेम्बली गाठली. साउथ शील्ड्सचा क्लब तर मैदान गमावल्यामुळे दोन वर्षे परगावी जाऊन आपले ‘घरचे’ सामने खेळत होता. गावी परत आल्यानंतर दोन वर्षांतच तो विजेता झाला. एका क्लबाच्या नावात तर गावाबरोबर कारखानाही जगला आहे. बिलिंगहॅम सिंथोनिया हा क्लब तेथील खतनिर्मितीच्या कारखान्यातील कामगारांचा. कृत्रिम अमोनिया ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची जोड करून त्याचे नाव बनवले गेले. पुढे इंग्लंडच्या नामवंत व्यवस्थापकांत गणला गेलेला ब्रायन क्लफ तरुणपणी ह्या क्लबातून खेळला होता.

खाणी बंद पडल्या, मग ह्या मैदानांवर दिवे का लागतात? ह्याचे उत्तर मालकीत आहे. खाण प्रथम सरदार-जमीनदारांची होती, मग कंपनीची आणि शेवटी सरकारची. ती कधी उघडावी आणि कधी बुजवावी, हे दूरच्या कचेरीत ठरे. घरे खाणमालकाची असत. गावाने जगावे की मरावे, हेदेखील एका आराखड्यात कोणी तरी लिहून ठेवले. क्लब मात्र गावाचा होता. तिकिटे फाडणारा, चुन्याच्या रेघा मारणारा, खेळाडूंचे कपडे धुणारी, मध्यंतरात चहा देणारी, ही सगळी माणसे तेथलीच आणि बिनपगारी. क्लबावर कर्ज झाले ते त्यांच्यावर झाले, चषक गहाण पडला तो त्यांचा पडला, आणि सोडवला तोही त्यांनीच. ह्याच स्वायत्त वृत्तीने १९७९ साली लीगचे नुकसान केले, हे खरे. परंतु त्याच वृत्तीने तिला जगवलेही. गुण आणि दोष पुष्कळदा एकाच मुळातून फुटतात.

चार-पाचशे माणसे, क्वचित त्याहूनही कमी, आज हिवाळ्यातील शनिवारी ह्या मैदानांच्या कठड्याशी उभी असतात. त्यांच्या गावांची नावे कोळशाच्या नकाशावरून केव्हाच पुसली गेली आहेत. सामन्यांच्या निकालपत्रावर मात्र ती दर आठवड्याला छापली जातात.